दुसरी आवृत्ती

आमच्या तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या टोकाला, एक सार्वजनिक वाचनालय होते. त्याच्या दर्शनी खोलीत वर्तमानपत्रे वाचणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींची वर्दळ असे. पण माझे लक्ष वेधून घेई ते आतल्या दाराशी उभे असलेले एक लाकडी कपाट. त्याला चाळीस-पन्नास लहान लहान खण होते. प्रत्येक खणाला पितळेची कडी होती आणि कडीच्या वर चिकटविलेल्या चिठ्ठीवर एखाददुसरे अक्षर लिहिलेले होते. मला ते वैद्याच्या औषधांच्या कपाटासारखे वाटे. अमुक खणात सुंठ, तमुक खणात हिरडा, तसेच काहीतरी या खणांतही असणार, अशी माझी समजूत होती. ते उघडून पाहण्याचे धैर्य मात्र मला पुष्कळ दिवस झाले नाही.

मी तेव्हा सहावीत होतो. आमच्या गावाच्या वेशीजवळ, पिंपळाच्या पारावर, एक कोरीव दगड उभा होता. त्याला तेल आणि शेंदूर फासलेला असे. नीट निरखून पाहिले म्हणजे त्यावर एकावर एक असे तीन चौकोन दिसत. सर्वांत खालच्या चौकोनात लढाई चालली होती आणि एक माणूस पायाशी आडवा पडला होता. मधल्या चौकोनात दोघी स्त्रिया त्याला हाताला धरून वर नेत होत्या. वरच्या चौकोनात तोच माणूस शिवलिंगापुढे हात जोडून बसला होता. आणि अगदी माथ्यावर चंद्र आणि सूर्य होते. हा माणूस कोण, असे मी आजीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "देव आहे तो, पाया पड." देव असेल तर तो लढाईत पडला कसा, हा माझा प्रश्न तसाच राहिला.

या प्रश्नाचे उत्तर वाचनालयात असेल असे मला वाटले, म्हणून मी दोनदा तेथे जाऊन आलो. दोन्ही वेळा ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "काय हवंय, बाळ?" आणि दोन्ही वेळा मी "काही नाही" असे म्हणून बाहेर पळालो. मला काय हवे होते ते मला ठाऊक होते. पण त्याला काय म्हणतात ते ठाऊक नव्हते. ज्या वस्तूचे नाव माहीत नाही ती मागायची कशी?

तिसऱ्या खेपेस त्या वृद्ध ग्रंथपालांनी मला पळू दिले नाही. "पुस्तकाचं नाव सांगू नकोस. तुला पडलंय काय कोडं, ते सांग," असे ते म्हणाले. मी दगडाचे वर्णन केले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाले, "याला वीरगळ म्हणतात. गावाच्या गाईगुरांसाठी, नाहीतर गावाच्या रक्षणासाठी लढताना जो मेला, त्याच्या आठवणीचा दगड. आता 'व'चा खण उघड."

त्या खणात सुंठही नव्हती आणि हिरडाही नव्हता. जाड कागदाची शेकडो पत्रे उभी लावून ठेवलेली होती आणि त्या सगळ्यांच्या पोटातून लोखंडाची एक सळई आरपार गेली होती. प्रत्येक पुस्तकाची तीन पत्रे, एक लेखकाच्या नावाचे, एक पुस्तकाच्या नावाचे आणि एक विषयाचे, असा त्या कपाटाचा हिशेब होता. वीरगळांविषयीच्या पत्रावरील क्रमांक मला एका चिठ्ठीवर उतरवून घ्यायला लावून त्यांनी मला कपाटांच्या रांगांत पाठविले. पुस्तक त्यांना अर्ध्या मिनिटात काढून देता आले असते. मी पाऊण तास शोधीत होतो. मधून मधून ते नुसते डोकावून पाहत आणि परत जात. ते पुस्तक अखेर हाती लागले तेव्हा मला झालेला आनंद वीरगळाची माहिती वाचून झालेल्या आनंदाहून काकणभर अधिकच होता, हे मी प्रांजळपणे कबूल करतो.

पुढे मी स्वतःच एका शाळेत ग्रंथपाल झालो. पत्रांची कपाटे अडगळीत गेली आणि त्यांच्या जागी संगणकातील सूची आली. तरी मुले दाराशी येऊन "काही नाही" म्हणून परत फिरतच होती. तेव्हा मी ऊठून त्यांच्याजवळ जाई, हा माझा सगळा व्यवसाय. आणि मग २०२० सालचा मार्च महिना उजाडला. साथीमुळे शाळा बंद झाल्या, वाचनालयाला कुलूप लागले आणि मुले व मी यांच्यामध्ये मोबाइलची एक वीतभर काच येऊन उभी राहिली. इतर शिक्षक मोबाइलवरून गणित आणि इतिहास शिकवू लागले होते. मी ठरविले, आपण शोध कसा घ्यावा ते शिकवू. धडे चित्रित करून ठेवायचे. ज्याला जेव्हा सवड आणि मोबाइल मिळेल, तेव्हा त्याने पाहावेत.

माझा पहिला धडा बत्तीस मिनिटांचा झाला! आता त्याची आठवण झाली की हसू येते. मला जे जे ठाऊक होते ते सारे मी त्यात कोंबले होते. अमेरिकेतील मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली सगळ्या ज्ञानाचे दहा भाग पाडून प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देण्याची पद्धत कशी प्रसिद्ध केली, ते मी सांगितले. आपले शि. रा. रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा त्यांना त्या शांत खोलीचा इतका कंटाळा आला, की परत वर्गावर पाठवा अशी त्यांनी विनवणी केली. पुढे लंडनला गेले असता एका दुकानात त्यांनी पट्ट्या, चाके आणि नटबोल्ट यांचा खेळण्याचा संच पाहिला. मोजक्याच तुकड्यांपासून हवी ती वस्तू जुळविता येते, हे पाहून ग्रंथांच्या वर्गीकरणाची नवीच कल्पना त्यांना सुचली, आणि १९३३ साली त्यांनी ती ग्रंथरूपाने मांडली. ही गोष्ट मला स्वतःला फार प्रिय आहे, म्हणून तिच्यावर मी नऊ मिनिटे खर्च केली.

धडा कोणी किती वेळ पाहिला हे त्या यंत्रावर समजते. बहुतेक मुलांनी तिसऱ्या मिनिटालाच रामराम ठोकला होता. एका मुलाने मात्र अत्यंत आदराने कळविले, "सर, तुमचा व्हिडिओ छान आहे, पण आमचे नेट संपले."

त्याचे नेट संपले होते हे खरेच होते. त्या घरात एकच मोबाइल, तो वडिलांबरोबर शेतावर जाई आणि संध्याकाळी परते. मग भावाचा अभ्यास, बहिणीचा अभ्यास, आणि उरलेल्या वेळात माझे रंगनाथन! मी खजील झालो. वृद्ध ग्रंथपालांनी मला वाचनालयांचा इतिहास सांगितला नव्हता. त्यांनी मला माझे कोडे विचारले होते. एवढी साधी गोष्ट मी विसरलो होतो.

मी पुन्हा आरंभ केला. प्रत्येक धडा पाच मिनिटांहून मोठा नको आणि एका धड्यात एकच अडचण, असा नियम केला. दिवसा रस्त्यावर भाजीवाल्याची हाक आणि स्वयंपाकघरात मिक्सरचा घरघराट, म्हणून रात्री दहानंतर मी टेबलाशी बसे. मोबाइल उभा करायला तिकाटणे नव्हते. मराठी विश्वकोशाचे दोन जाडजूड खंड एकमेकांवर ठेवून त्यांच्या आधाराने मी तो उभा करीत असे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला सिद्ध झालेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आपल्या खंडांचा असाही उपयोग होईल, हे त्याच्या संपादकांच्या स्वप्नातही आले नसेल. विश्वकोश आता इंटरनेटवरही विनामूल्य वाचता येतो, आणि कुलूपबंद वाचनालयाच्या त्या दिवसांत हा मला मोठाच आधार होता.

पहिला धडा मी माझ्या वीरगळावरच केला. 'दगड' एवढेच लिहून शोधले तर काय सापडते? खडी, खाणी आणि दगडफूल. 'लढाईचा दगड' असे लिहिले तर काहीच धड सापडत नाही. मग गावातल्या जाणत्या माणसाला विचारून, किंवा एखाद्या लेखातून, नेमका शब्द मिळवायचा. आणि तो मिळाला की त्याची भावंडेही शोधायची. कोणी वीरगळ लिहितो, कोणी वीरगल. आणि इंग्रजी पुस्तकांत त्यालाच हिरो स्टोन म्हणतात. माझी ऱ्हस्व-दीर्घाची चूक वृद्ध ग्रंथपाल पोटात घालीत असत. संगणकातील सूची घालीलच असा भरवसा नाही. 'विरगळ' असे पहिली वेलांटी देऊन लिहिले, की ती खुशाल सांगते, असे पुस्तक येथे नाही. आणि पुस्तक तर समोरच्या फळीवर असते.

दुसरा धडा क्रमांकांचा होता. मुलांना सर्वांत जास्त चकविणारी गोष्ट कोणती असेल, तर ती दशांश चिन्ह. ५९८.१२ आणि ५९८.२ यांपैकी फळीवर आधी कोण? बारा मोठे आणि दोन लहान, म्हणून मुले बिनदिक्कत ५९८.२ आधी लावतात. मी धडा तेथेच थांबविला आणि पाहणाऱ्याने उत्तर निवडल्याशिवाय तो पुढे सरकणार नाही अशी व्यवस्था केली. चूक झालीच तर पडद्यावर ५९८ रुपये १२ पैसे आणि ५९८ रुपये २० पैसे असे दोन ढीग दिसत. पुढे एका मातेने मला सांगितले, की हा धडा तिच्या मुलाने नव्हे, तर तिनेच तीनदा पाहिला.

कोशांत शब्द कसा पाहावा, यावर एक धडा झाला. क्ष आणि ज्ञ ही अक्षरे काही कोशांत वर्णमालेच्या अखेरीस येतात, तर काहींत क आणि ज यांच्या जोडाक्षरांत दडून बसतात, हे कळल्यावर मुलांना भारीच गंमत वाटली. उतारेच्या उतारे उतरवून काढू नयेत, यावरही एक धडा केला. तो कोणाला आवडला नाही.

आता मी त्या पाचव्या धड्याकडे येतो, ज्यासाठी मी हे सारे लिहावयास बसलो आहे. त्याचे नाव होते 'खात्री कशी करावी?' एखादी माहिती मिळाली, की ती कोणी लिहिली, केव्हा लिहिली आणि कशाच्या आधारे लिहिली हे विचारावे, आणि दुसऱ्या एखाद्या स्वतंत्र ग्रंथात ती पडताळून पाहावी, असे त्यात सांगितले होते. उदाहरणासाठी मी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश घेतला. जेम्स टॉमस मोल्सवर्थ या इंग्रज गृहस्थाने जॉर्ज आणि टॉमस कँडी या बंधूंच्या साहाय्याने आपल्या भाषेतील शब्द गोळा करून हा कोश रचला. शिकागो विद्यापीठाने तो इंटरनेटवर ठेवला आहे, त्यामुळे घरबसल्या कोणालाही तो पाहता येतो. मी त्याच्या मुखपृष्ठामागील नामपत्राचे छायाचित्र क्षणभर दाखविले आणि ठामपणे म्हणालो, "हा कोश प्रथम १८५७ साली प्रसिद्ध झाला."

आठ दिवसांनी रात्री मला एक संदेश आला. तो सातवीतल्या एका मुलीचा होता. मुलगी अबोल, वर्गात असताना तिचा आवाज मी फारसा ऐकलेला नव्हता. तिने लिहिले होते, "सर, तुमच्या फोटोत त्या पुस्तकावर सेकंड एडिशन असे छापले आहे. दुसरी आवृत्ती १८५७ ची असेल, तर पहिली कधी निघाली?"

मी विश्वकोशाच्या खंडांवरून मोबाइल उचलला आणि तो धडा पुन्हा पाहिला. चित्र थांबविले. नामपत्रावर स्वच्छ अक्षरांत छापलेले होते: सुधारलेली आणि वाढविलेली दुसरी आवृत्ती. ती अक्षरे मी वर्षानुवर्षे पाहत आलो होतो. पण पाहणे निराळे आणि वाचणे निराळे. मी धावत जाऊन माझी टिपणे काढली. पहिली आवृत्ती १८३१ सालची! सव्वीस वर्षांची चूक, आणि तीही कोठे, तर खात्री कशी करावी हे शिकविणाऱ्या धड्यात.

त्या रात्री मला झोप आली नाही. शंभराहून अधिक मुलांनी तो धडा पाहिलेला होता. एका शिक्षकाने त्यावर प्रश्नही काढले होते, आणि मुलांनी वह्यांत १८५७ असे लिहून पुरे गुण मिळविले होते. मनात एक विचार असा आला, की रातोरात चुकीचे वाक्य कापून टाकावे, त्या जागी बरोबर वाक्य म्हणावे आणि धडा गुपचूप बदलून ठेवावा. या नव्या साधनांत ती एक मोठी सोय आहे. छापलेल्या पुस्तकातील चूक पुसता येत नाही. तिला शुद्धिपत्र जोडावे लागते. येथे मात्र कालची चूक आज नव्हतीच असे करता येते. कोणाला कळलेही नसते. त्या एका मुलीला सोडून.

पण ती एकटी मुलगीच माझ्या डोळ्यांपुढून हलेना. उद्या तिने तो बदललेला धडा पाहिला, तर तिला काय वाटेल? आपणच चुकीचे ऐकले, आपल्यालाच भास झाला, असे त्या अबोल मुलीला वाटले तर? मग ती पुन्हा कधी विचारील का? "काही नाही" म्हणून दारातून परतणारा मुलगा माझ्या ओळखीचा होता.

सकाळी मी तिच्या वडिलांच्या मोबाइलवर फोन केला. ते शेतावर निघाले होते. त्यांनी तिला बोलावले. "चुकलो मी," असे मी तिला म्हणालो. पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "सर, मी फक्त विचारलं होतं."

"पण तुला पहिल्या आवृत्तीचं साल सापडलं का?"

सापडले होते. ते कसे सापडले हे मी तिला विचारले, आणि तिचे उत्तर मी कागदावर उतरवून घेतले, कारण माझ्या पाच धड्यांपेक्षा ते मोलाचे होते. तिने माझ्या नियमांपैकी एकही क्रमाने पाळला नव्हता. मोबाइल तिला संध्याकाळी अर्धा तास मिळे. पहिल्या दिवशी तिने 'मोलस्वर्थ' असे लिहिले. धड काही मिळाले नाही. मग तिने धड्यातील चित्र थांबवून इंग्रजी नाव एकेक अक्षराने वहीत उतरविले. दुसऱ्या दिवशी तिने नाव सोडून दिले आणि 'मराठी शब्दकोशांचा इतिहास' असे शोधले. तेथे एका लेखात १८३१ साल होते. "पण एकाच ठिकाणी होतं, म्हणून मी तुम्हाला सांगितलं नाही. दुसरीकडे मिळेपर्यंत थांबले. नाहीतर तुम्ही म्हणाला असता, दोन ठिकाणी पाहिलंस का?"

मी पाचवा धडा काढून टाकला नाही. तो आहे तसाच ठेवून त्याच्यापुढे एक नवा धडा जोडला. त्याच्या आरंभी मी सांगितले, की मागच्या धड्यात माझ्याकडून एक चूक झाली आहे आणि ती आपल्या शाळेतल्या एका विद्यार्थिनीने शोधली आहे. चूक कोणती ते मी सांगणार नाही, पण ती पडद्यावर सर्वांना दिसते आहे. तिचे नाव घालू का, असे मी विचारले होते. ती "नको" म्हणाली. आठवडाभर मुलांची पत्रे येत होती. काहींनी ती चूक शोधली. काहींनी माझ्या इतर धड्यांतील अशा चुका शोधल्या, की ज्या मला ठाऊकच नव्हत्या. त्यांतील दोन खऱ्या निघाल्या. एका मुलाने, माझ्या सदऱ्याचे बटण तुटलेले आहे, ही चूक कळविली. ज्या शिक्षकांनी प्रश्न काढले होते, ते प्रथम माझ्यावर थोडे रागावले आणि मग त्यांनी मुलांना वह्यांत १८५७ खोडून नव्हे, तर त्याच्या शेजारी १८३१ लिहायला सांगितले. ती दोन्ही साले खरीच होती; कोणते कशाचे, एवढाच प्रश्न होता.

२०२१ च्या ऑक्टोबरात ग्रामीण भागातील पाचवीच्या पुढच्या शाळा पुन्हा भरल्या. वाचनालयाचे कुलूप उघडले तेव्हा आतून जुन्या कागदाचा आणि दमटपणाचा वास आला. दोन दिवस नुसती धूळ झटकण्यात गेले. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दाराशी कोणीतरी उभे असल्याचे जाणवले. ती मुलगी होती. दीड वर्षात चांगलीच उंच झाली होती. मी सवयीने उठू लागलो, पण तीच आत आली.

"सर, ते पुस्तक खरंच आहे का आपल्याकडे?"

मोल्सवर्थचा कोश मी तिच्यापुढे टेबलावर ठेवला. आमच्याकडे आहे ते त्याचे पुनर्मुद्रण. तिने प्रथम नामपत्र पाहिले, त्यावरील ती ओळ बोट फिरवून वाचली, आणि मग पान उलटून मागच्या बाजूलाही काही छापले आहे का ते पाहिले. पुस्तकाचे वजन दोन्ही हातांनी अजमावले. मोबाइलमध्ये ते एवढे जड असेल असे तिला वाटले नव्हते.

"तुमच्या पहिल्या धड्यातला तो शब्द यात असेल का? वीरगळ?"

इतक्या वर्षांत तो शब्द मी या कोशात कधी पाहिलाच नव्हता. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो आणि तिने 'व'ची पाने उघडली.